काजू फॅक्टरी मुलाच्या नावावर करताय, पण ती उभी कोणाच्या जमिनीवर आहे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ५६, कुडाळ तालुक्यात काजू फॅक्टरी, वीस-बावीस वर्षं चालू, स्वतःच्या नावावर म्हणजे प्रोप्रायटरशिप. शेड गावच्या सामाईक जमिनीत, सातबाऱ्यावर एकोणीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. मालवणात धाकट्या भावाबरोबर एक मच्छीमार बोट, अर्धी-अर्धी, सगळं तोंडी. थोडी हापूसची कलमं. घरात आई ८२ वर्षांची, बायको, मुलगा धंद्यात, मुलगी लग्न होऊन पुण्याला. बँकेचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) चालू. आणि विचारताय की सगळं आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू का, मुलगी उद्या हरकत घेईल का आणि त्यासाठी कंपनी काढायला लागेल का.

मी सव्वीस वर्षं कुडाळ-ओरोस-सावंतवाडी या पट्ट्यात दिवाणी काम करतोय, वाटण्या आणि वारस हेच जास्त. तुम्ही सगळं मुलगा-मुलगी यावर अडकून बसलाय, मला खरं सांगायचं तर तिथे फारसं भांडण दिसत नाही. मला धोका दिसतो तो दोन ठिकाणी, एक म्हणजे शेडखालची जमीन आणि दुसरं म्हणजे तुमच्यानंतर पहिल्या आठवड्यात चेकवर सही कोण करणार. मृत्युपत्र, बक्षीसपत्र हे सगळं त्याच्यानंतर.

सहीचं आधी घेतो कारण ते कोणीच घेत नाही. माझ्याकडे एक केस होती, तुमच्यासारखाच काजूवाला, मार्चच्या मध्यात हार्ट अटॅकने गेला. मार्च म्हणजे बी खरेदीचा ऐन हंगाम, शेतकरी पिशव्या घेऊन दारात उभे, त्यांना रोख किंवा त्याच दिवशी ट्रान्सफर लागतं. करंट अकाउंट एकट्याच्या नावावर, बँकेला कळल्यावर व्यवहार बंद. मुलगा म्हणाला माझ्याकडे वडिलांचं मुखत्यारपत्र आहे, पण मुखत्यारपत्र देणारा गेला की ते त्याच क्षणी संपतं, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. सह्या करून ठेवलेले चार कोरे चेक होते ते वापरायचा विचार चालला होता, तो मी थांबवला, नाहीतर वारसाचं राहिलं बाजूला आणि फौजदारी लागली असती. जीएसटीचा ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर येणार आणि तो फोन बहिणीने लॉक करून कपाटात ठेवलेला. बी दुसऱ्या फॅक्टरीत गेली, सोलणीच्या बायका पण तिकडेच गेल्या. भावंडांत एक शब्दाचं भांडण नव्हतं हो, तरी फॅक्टरी अडीच महिने बंद.

का तर प्रोप्रायटरशिप म्हणजे तुम्ही स्वतःच. कायद्याला तुमची फॅक्टरी दिसत नाही, तुम्ही दिसता. तुमचा पॅन तोच धंद्याचा पॅन, त्याच्यावर जीएसटी, त्याच्यावर उद्यम. तुम्ही गेलात की तो नंबर तसाच मुलाच्या नावावर वळवता येत नाही, मुलाने नवीन रजिस्ट्रेशन घ्यायचं आणि जुन्या नंबरवर शिल्लक असलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्म भरून नवीन नंबरवर आणायचं. २८ मार्च २०१९ चं ९६ नंबरचं परिपत्रक नेमकं यावरच आहे, तुमच्या सीएला सांगा काढून ठेवायला. आणि धंदा वारसाने पुढे चालवला तर जुन्या थकीत कराची जबाबदारी पण त्याच्या अंगावर येते, बंद केला तर वारसाने मिळालेल्या इस्टेटीपुरतीच. फूड लायसनचं त्यातल्या त्यात बरं आहे, धारक गेल्यावर घरच्यांसाठी ते ९० दिवस चालू धरतात, तेवढ्यात आपल्या नावाने अर्ज करायचा असतो. बहुतेकांना हे ९० दिवस संपल्यावर कळतं.

म्हणून कंपनीच्या प्रश्नाचं उत्तर: प्रायव्हेट लिमिटेड आत्ता तुम्हाला नको, दरवर्षीचा ऑडिट-फाइलिंगचा खर्च झेपेल पण कटकट झेपणार नाही. एकट्याची कंपनी म्हणजे ओपीसी हा एक मार्ग असतो, त्यात सुरुवातीलाच नॉमिनीचं नाव लिहायला लागतं, पण तुमचा मुलगा आधीच धंद्यात आहे मग एकट्याची कंपनी कशाला. मी तुमच्या जागी असतो तर मुलाला आणि बायकोला घेऊन भागीदारी फर्म केली असती, लेखी आणि रजिस्टर केलेली. तिघं का, दोघं का नाहीत, ते नीट बघा. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ४२ म्हणतं की भागीदार मेला की फर्म मोडते, पण करारात वेगळं लिहिलं असेल तर मोडत नाही. त्यामुळे करारात स्पष्ट लिहायचं की एक भागीदार गेला तरी उरलेले धंदा चालू ठेवतील. मात्र दोनच भागीदार असतील तर हे कलम लिहून काही उपयोग नाही, कारण एकटा माणूस भागीदारी चालवू शकत नाही, फर्म संपलीच. तीन असले की एक गेला तरी दोन उरतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या पार्टनरशिप डीडमध्ये हे हमखास चुकलेलं असतं.

डीडमध्ये अजून एक लिहा, गेलेल्या भागीदाराच्या वारसांना पैसे कसे द्यायचे. हिशोब कुठल्या तारखेचा, स्टॉक कुठल्या भावाने धरायचा (काजूगराचा भाव हंगामात आणि दिवाळीत वेगळा असतो हे मी तुम्हाला सांगायला नको), हप्ते किती. हे लिहिलं नाही आणि हिशोब न मिटवता तुम्ही धंदा चालूच ठेवला तर कलम ३७ नुसार वारसांना तेवढ्या काळाच्या नफ्यातला भाग किंवा त्यांच्या रकमेवर सहा टक्के व्याज, यातलं जे हवं ते मागता येतं. एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी पण चालेल, तिथे भागीदार गेला तरी संस्था चालू राहते आणि जबाबदारी मर्यादित असते, एक्स्पोर्टचं डोक्यात असेल तर तिकडे जा. फक्त काहीही करण्याआधी बँकेत जाऊन या, कॅश क्रेडिट तुमच्या नावावर आहे, मशिनरी त्यांच्याकडे तारण आहे, त्यांना न विचारता फर्मच्या नावावर केलंत तर ते खातं अडवतील. फर्मला नवीन पॅन, नवीन जीएसटी, नवीन फूड लायसन लागतं, हे सगळं मार्चच्या धामधुमीत करू नका, पावसाळ्यात करा.

आता जमीन. इथे मी जरा थांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय की "जागा आमचीच आहे, ग्रामपंचायतीत शेडची घरपट्टी माझ्या नावावर आहे". ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा म्हणजे घरपट्टी कोणाकडून घ्यायची त्याची वही, मालकीचा पुरावा नाही. सातबारा सुद्धा खरं तर महसुलाचीच नोंद आहे, पण निदान त्यावरून कोण कोण हिस्सेदार आहेत ते कळतं. तुमच्या एकोणीस नावांतली किती माणसं जिवंत आहेत? मी पैज लावतो पाच-सहा जण तरी केव्हाच गेलेत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. कायद्याने वारसाने तीन महिन्यांत कळवायचं असतं, आपल्याकडे तीस वर्षांत कळवत नाहीत, चाकरमानी म्हणतो गणपतीला आलो की बघू आणि गणपतीत तलाठी सुट्टीवर. म्हणूनच तर सरकारला २०२५ मध्ये जिवंत सातबाराची मोहीम काढायला लागली. म्हणजे एकोणीस नावं ही कागदावरची, प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस माणसं निघतील, त्यातल्या कोणालाही उद्या दिवाणी कोर्टात जाऊन वाटप मागता येतं. आणि वाटपात शेडचा तुकडा तुमच्याकडेच येईल याची हमी मी देणार नाही, कोर्ट साधारण ज्याचा जिथे कब्जा आहे, बांधकाम आहे, ते बघतं, पण साधारण म्हणजे नेहमी नाही. आता सांगा, अशा जमिनीवरची फॅक्टरी मुलाला लिहून दिलीत तर नेमकं काय दिलंत? पत्रे आणि बॉयलर.

हे सोडवायचं कसं, तर सगळ्यात आधी वारस नोंदी करून घ्या, म्हणजे सह्या नेमक्या कोणाकोणाच्या लागणार ते कळेल. मग दोन रस्ते. सगळ्यांची संमती मिळत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटप, किंवा रजिस्टर वाटणीपत्र. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला स्टॅम्प अगदी किरकोळ पडतो. दुसरा रस्ता हक्कसोडपत्र, तुमच्या भावा-बहिणींनी तुमच्यासाठी सोडलं तर वडिलोपार्जित मिळकतीला स्टॅम्प नाममात्र आहे, पण चुलत भावंडांकडून घेताना ती सवलत धरून चालू नका, बाजारभावावर ड्युटी लागू शकते, आकडा आधी काढून घ्या. म्हणून चुलत भावंडं आहेत तिथे मी शक्यतो वाटणीचा रस्ता धरतो, हक्कसोडपत्राचा नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहिलेलं, नोटरी केलेलं हक्कसोडपत्र घेऊन लोक येतात, ते रजिस्टर नसेल तर त्याने हक्क सुटत नाही. आणि सगळी जमीन वाटून घ्यायचा हट्ट धरू नका, देवचाराचा कोपरा कोणाचा आणि फणस कोणाचा यात दहा वर्षं जातील. फक्त शेडखालचा आणि रस्त्यापर्यंतचा तुकडा तुमच्या वाट्याला येऊदे, त्याबदल्यात दुसरीकडे दोन गुंठे जास्त सोडा.

जमीन कूळकायद्याने मिळालेली असेल तर इतर हक्कात कलम ४३ चा शेरा आहे का बघा, असेल तर हस्तांतरणाला अटी आहेत, तो विषय वेगळा काढून वकिलाला दाखवा.

आता तुमचा खरा प्रश्न, मुलगा की मुलगी. समजा तुम्ही काहीच लिहून न ठेवता गेलात. लोकांना वाटतं बायको आणि मुलं. नाही, आई पण. हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगा, मुलगी आणि आई सगळे सारख्या हिश्शाचे. म्हणजे तुमच्या फॅक्टरीचे चार भाग, प्रत्येकी पाव. आता पुढचं बघा. पाव हिस्सा ८२ वर्षांच्या आईचा झाला. त्यानंतर आई गेली, तिनेही काही लिहिलेलं नाही, तर तिचा पाव हिस्सा तिच्या मुलांकडे जाणार, म्हणजे तुमचा मालवणचा भाऊ, तुमच्या बहिणी, आणि तुमच्या वाट्याचा तुमच्या मुलांना. झाला ना भाऊ काजू फॅक्टरीत भागीदार, ज्याने कधी बी फोडली नाही. तुम्ही मुलीची काळजी करत बसलाय आणि दार उघडं आहे ते आईच्या बाजूने. माझ्याकडे दीर-भावजयीचे जे दावे येतात त्यातले बरेच या एका गोष्टीमुळे असतात, सासूचा हिस्सा कोणाच्या डोक्यातच नसतो. एक साधं मृत्युपत्र असतं तर हे सगळं झालंच नसतं. आईला वाऱ्यावर सोडा असं मी म्हणत नाही, तिच्या खर्चाची, औषधाची सोय मृत्युपत्रात वेगळी लिहा, फॅक्टरीचा हिस्सा देऊन ती सोय होत नाही.

मुलीचं म्हणाल तर फॅक्टरी तुम्ही स्वतः उभी केलीय, ती स्वकष्टार्जित, ती तुम्ही मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकता, मुलगी हरकत घेऊ शकेल पण टिकणार नाही. वडिलोपार्जित सामाईक मिळकतीत मात्र ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मापासून, लग्न झालं म्हणून जात नाही, आणि सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये हेही स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. तिथे तुम्ही फक्त तुमच्या स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करू शकता, मुलीचा हिस्सा मुलाला लिहून देऊ शकत नाही. आपण वडिलोपार्जित हा शब्द फार सैल वापरतो, आजोबांचं होतं म्हणजे वडिलोपार्जित असं प्रत्येक वेळी नसतं, ते तुमच्याकडे कसं आणि केव्हा आलं यावर आहे, जुने फेरफार काढल्याशिवाय कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला फी देऊ नका.

माझं मत विचाराल तर फॅक्टरी अर्धी-अर्धी करूच नका. जो चालवतो त्याला अख्खी द्या. मुलीला एफडी, विमा, कलमांची बाग, जे काय जमेल ते, आणि तिला हे आत्ताच समोर बसवून सांगा, बायकोसमोर, मुलासमोर. तेराव्याला वकिलाच्या तोंडून कळलं की माणसाला लागतं, रक्कम कमी म्हणून नाही, आपल्याला विचारलं नाही म्हणून. राहतं घर बायकोला पूर्ण मालकीने द्या. "हयातभर उपभोग घ्यावा, नंतर मुलाला" असं लोक हौसेने लिहितात आणि मग बायकोचा हक्क पूर्ण की हयातीपुरता यावरून हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ वर वीस वर्षं कोर्टात जातात.

आणि आत्ताच सगळं मुलाच्या नावावर करू नका. बक्षीसपत्र केलं की झालं, मृत्युपत्रासारखं उद्या फाडून दुसरं लिहिता येत नाही. राहतं घर आणि शेतजमीन मुलांना, नातवंडांना, बायकोला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये आहे, वर सेस आणि नोंदणी फी किती ते दुय्यम निबंधकाकडे विचारा, आणि ही स्वस्ताई बघूनच लोक घाई करतात. (तुमची शेड व्यावसायिक बांधकाम आहे, तिला हा दर लागेल असं गृहीत धरू नका.) द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रातच लिहा की मुलगा आमचा सांभाळ करेल या अटीवर देतोय, मग २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताकडच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते, पण ते कलम साठ पूर्ण झालेल्यांसाठी आहे, तुम्ही अजून ५६ चे. अट कागदावर नसेल तर तिथे अवघड जातं. तुमचा मुलगा चांगला आहे, मान्य, पण मुलाला उद्या धंद्यात खोट आली आणि त्याने कुठे जामीनकी केलेली असली तर त्याच्या नावावरचं घर पण त्यात जाईल, हा विचार कोणी करत नाही.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं, रजिस्टर करणं सक्तीचं नाही. तरी रजिस्टर करा. खर्च नगण्य आणि "हे सही करायच्या आधीच मेले होते" छापाच्या तक्रारी निम्म्या कमी होतात. दोन साक्षीदार लागतात, दोघांनी तुम्हाला सही करताना बघितलं पाहिजे आणि तुमच्यासमोर स्वतः सही केली पाहिजे. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान, गावातच राहणारे आणि ज्यांना मृत्युपत्रात काही मिळणार नाही असे घ्या, कारण वाद झाला तर त्यातल्या एकाला तरी कोर्टात उभं राहून सांगायला लागतं. एका केसमध्ये दोन्ही साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याच्याच वयाचे, भजनी मंडळातले मित्र, तिघेही चार वर्षांत गेले. डॉक्टरचं सर्टिफिकेट त्याच दिवसाचं जोडा. आणि "माझी सर्व स्थावर जंगम मिळकत" एवढंच लिहून थांबू नका, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, मशिनरी, स्टॉक, येणं-देणं, पाकिटावरचा ब्रँड, ट्रेडमार्क केला असेल तर त्याचा नंबर, सगळं लिहा, आणि शेवटी "याशिवाय जे काही निघेल ते अमुकला" हे वाक्य टाका. मुलगा तुमच्या आधी गेला तर कोणाला, हे लिहायला हात थरथरतो, तरी लिहा. व्यवस्थापक म्हणजे एक्झिक्युटर नेमा. फर्म केल्यावर तुमचा त्यातला हिस्सा कोणाला हेही मृत्युपत्रात यायला हवं, डीड एक म्हणतंय आणि मृत्युपत्र दुसरं असं होऊ देऊ नका.

नॉमिनीचं एकदा स्पष्ट सांगतो, कारण तुम्ही "बँकेत मुलाचं नाव लावलंय" असं लिहिलंय. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक वारसच. कंपनीच्या शेअर्सबद्दल पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. तरी नॉमिनी लावाच, त्याने पैसे लवकर सुटतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून. मच्छीमार संस्थेच्या आणि पतसंस्थेच्या शेअर्सना पण नॉमिनेशन बघा, तिथे चाळीस वर्षांपूर्वी आजीचं नाव लावलेलं असतं आणि कोणी उघडून बघत नाही.

कर्जाचं. वारस बापाच्या कर्जाला मिळालेल्या इस्टेटीपुरता जबाबदार असतो, स्वतःच्या कमाईतून फेडायची सक्ती नाही, बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर हे जुनं हिंदू कायद्यातलं तत्त्व २००५ च्या दुरुस्तीनेच गेलं. पण मुलाने कॅश क्रेडिटला जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी, तो वारस म्हणून नाही तर जामीन म्हणून अडकतो. केलीय का सही? बहुतेक केली असेल, बँकवाले नूतनीकरणाच्या वेळी घेतातच. म्हणून एक टर्म पॉलिसी कर्जाच्या रकमेची काढा आणि बायको-मुलांसाठी एक वेगळी पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मिळकतीच्या १८७४ च्या कायद्याखाली काढा. ती काढतानाच फॉर्मवर तसं जाहीर करायला लागतं, नंतर होत नाही. त्या पैशाला तुमचे सावकार, बँक, व्यापारी कोणी हात लावू शकत नाही. या कायद्याला दीडशे वर्षं झाली तरी एजंट स्वतःहून सांगत नाहीत.

बोट. ही मला फॅक्टरीइतकीच काळजीची वाटते. नोंदणी आणि मासेमारी परवाना भावाच्या नावावर, डिझेल परतावा भावाच्या संस्थेतून, तुमचा अर्धा पैसा फक्त तुमच्या आणि त्याच्या शब्दावर. मी त्याच्याशी बोललो तर म्हणेल, "मी जितो आसय तवर तुमका चिंता कित्याक?" चिंता त्यानंतरचीच आहे. त्याच्या बायकोला, मुलांना तुम्ही काय दाखवणार? पैसे दिले त्याचा बँकेतला एक तरी व्यवहार असेल तर शोधा. बोटीची वेगळी भागीदारी लिहून रजिस्टर करा, रजिस्टर नसलेल्या फर्मला बाहेरच्या पार्टीवर, समजा मासळीच्या व्यापाऱ्यावर, पैशासाठी दावा लावता येत नाही. हे दोघांचंच असल्यामुळे एक जण गेला की फर्म संपेल, तेव्हा बोट कोणी कुठल्या किमतीला घ्यायची तेवढं तरी आत लिहा, इंजिनची, जाळ्यांची, संस्थेतल्या शेअरची वेगळी किंमत धरून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोट ओढून ठेवलेली, भाऊ घरी, तेव्हाच बसा.

हापूसच्या कलमांना भौगोलिक मानांकनाचं (जीआयचं) ऑथराइज्ड युजर सर्टिफिकेट, म्हणजे ते मानांकन वापरायचा अधिकार, घेतलं असेल तर ते विकता येत नाही, कोणाला लिहून देता येत नाही, पण मृत्यूनंतर वारसाकडे जातं, त्यामुळे बाग ज्याला देणार त्याच्याकडेच ते जाईल असं बघा, मुलीला बाग आणि सर्टिफिकेट मुलाकडे असं नको. वाशीच्या दलालाची उचल अंगावर असेल तर ती चोपडीत नुसती आकड्याने नको, कोणाची, किती, कधीची, सगळं लिहा.

हे सगळं हिंदू कुटुंबाचं झालं. रत्नागिरी-राजापूर-दापोलीकडचे आमचे मुस्लिम बोटवाले, हॉटेलवाले वाचत असतील तर त्यांचं गणित वेगळं आहे, मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं, त्यापुढे वारसांची मरणानंतरची संमती लागते, म्हणून तिथे हयातीत ताबा देऊन हिबा म्हणजे बक्षीस करायचा मार्ग जास्त वापरतात. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा कायदा, आणि लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं हे लक्षात असू द्या. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांनी तर उशीरच करू नये, अज्ञान मुलाच्या नावावर आलेली जमीन आईला सुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही, मग धंद्याला कर्ज कुठून मिळणार.

तुम्हाला क्रम विचाराल तर मृत्युपत्र याच महिन्यात, जमीन आहे तशीच धरून, ते नंतर बदलता येतं. फर्म पावसाळ्यात, बोटीचा कागद मासेमारी बंदीत. वारस नोंदीचे अर्ज आत्ता टाका, कारण फेरफाराला नोटीस, मुदत, कोणीतरी हरकत घेणार, त्यात महिने जातात. मग चतुर्थीला मुंबईवाले सगळे एकत्र येतील तेव्हा वाटणीपत्राचा मसुदा तयार हवा, आणि सह्या आरतीनंतर मागू नका, आधी फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगून, तुकड्याचा नकाशा व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. दुय्यम निबंधकाकडे दीड दिवसाचे गणपती गेल्यानंतरची आणि परतीच्या गाडीआधीची तारीख घ्या, चाकरमान्याचं रिझर्व्हेशन झालेलं असतं, आणि सगळ्यांना आधार, पॅन मूळ घेऊन यायला सांगा, मागच्या वर्षी एकाचं पॅन विरारला राहिलं म्हणून माझी एकवीस जणांची वाटणी शिमग्यापर्यंत लांबली.